बागेची किल्ली कोणाच्या हाती?

चेन्नईत अड्यार नदीच्या काठी, कोट्टूरपुरम रेल्वे स्थानकालगत, दोन दशकांपूर्वी एक सरकारी जागा कचऱ्याने भरलेली होती. ‘निळल’ या संस्थेने रहिवाशांना सोबत घेऊन 2006 च्या सुमारास तेथे देशी झाडे लावण्यास प्रारंभ केला. ‘निळल’ म्हणजे तमिळमध्ये सावली. आज तेथे वृक्षोद्यान उभे आहे आणि ते मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमदानावर चालत आले आहे. कोट्टूरपुरममध्ये सुखवस्तू घरे आणि मंडळाने बांधलेल्या गरिबांच्या सदनिका हाकेच्या अंतरावर आहेत. परंतु हाक क्वचितच ऐकू जाते. अशा ठिकाणी तण काढण्याच्या निमित्ताने शेजारी एकत्र बसू शकतात, ही लहान गोष्ट नव्हे.

मद्रासच्या इतिहासात बाग हे बहुधा विभाजनाचे साधन राहिले. किल्ल्याभोवती गोऱ्यांची आणि काळ्यांची वसाहत वेगळी होतीच. अठराव्या शतकात कंपनीचे अधिकारी किल्ल्याबाहेर पडले ते विस्तीर्ण आवारांच्या ‘गार्डन हाऊस’मध्ये. पोएस गार्डनसारख्या नावांत ती स्मृती टिकून आहे, कुंपणासह. स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक उद्याने वाढली, तरी त्यांची कल्पना बदलली नाही: नागरिकाने ठरावीक वेळी यावे, फिरावे आणि हिरवळीवर पाय न ठेवता परतावे. अशा उद्यानात माणसे एकमेकांच्या बाजूने चालतात, शेजारी होत नाहीत. त्यासाठी काम आणि निर्णय, दोहोंत वाटा लागतो.

निर्णयातील वाटा नसला की काय होते, हे याच नदीने दाखविले आहे. डिसेंबर 2015 च्या पुरानंतर अड्यारच्या काठावरील हजारो कुटुंबांना शहराच्या दक्षिण टोकाला, पेरुंबाक्कमच्या बहुमजली वसाहतीत हलविण्यात आले. पुराचा धोका खरा होता. मात्र काठ हिरवा करण्याच्या योजनांत त्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना माळी म्हणूनही स्थान मिळू नये, हे कोणत्याही पर्यावरणशास्त्रात बसत नाही.

कायद्याची उणीव आहे असे नाही. तामिळनाडूत उद्याने व मोकळ्या जागांच्या संरक्षणाचा कायदा 1959 पासून आहे. दहा हजार चौरस मीटरांहून मोठ्या प्रकल्पाला रस्ते वगळून दहा टक्के जागा मोकळी ठेवून स्थानिक संस्थेच्या स्वाधीन करावी लागते. म्हणजे जमीन येत राहते. ती कोणी वापरावी हा प्रश्न मात्र फाइलींत राहतो.

येथे मुंबईचा अनुभव आठवावा. मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण जानेवारी 2016 मध्ये महापालिकेने संमत केले, तेव्हा मैदाने राजकारण्यांच्या आणि क्लबांच्या ताब्यात जातील, अशी टीका उसळली आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना त्यास स्थगिती द्यावी लागली. देखभाल सोपविता सोपविता मालकी कशी सोपविली जाते, हे प्रशासनात वर्षे काढलेल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. कोट्टूरपुरमसारखे प्रयोगही संस्थेच्या सद्भावनेवर आणि खात्याच्या मर्जीवर उभे असतात. अधिकारी बदलला की परवानगीची मुदत मोजली जाऊ लागते.

सुमारे साडेपाच वर्षे निर्वाचित सभागृहाविना राहिलेल्या चेन्नईला 2022 मध्ये नगरसेवक मिळाले. त्याच वर्षी प्रभाग समित्या आणि क्षेत्रसभांचे नियमही लागू झाले. बागेच्या जागेचा करार याच सभांशी व्हावा: निश्चित मुदतीचा, सार्वजनिक हिशेबाचा आणि सदनिकाधारक व झोपडीवासी या दोहोंचे प्रतिनिधित्व सक्तीचे करणारा. पाण्याची जोडणी पालिकेने द्यावी. आरंभ मात्र अड्यारच्या रम्य काठावर नको. पेरुंबाक्कमच्या इमारतींमधील उघड्या पट्ट्यांवर व्हावा. एका आवारात आणून सोडलेली, वेगवेगळ्या वस्त्यांतील कुटुंबे तेथे आजही परस्परांना अनोळखी आहेत.