सोल्डर जुने की नवे? वादातला खरा निकष

सोल्डरच्या वादात दोन प्रश्नांची नेहमी गल्लत होते. रीळ किती वर्षांचे, हा एक. मिश्रधातूत शिसे आहे की नाही, हा दुसरा. दोन्हींवर ठाम मते ऐकू येतात आणि ती तपासाला टिकत नाहीत.

पहिले मत असे, की कपाटात वर्षानुवर्षे पडलेली तार निकामी होते. धातू असा नासत नाही. ६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेली तार कितीही जुनी झाली तरी १८३ अंश सेल्सिअसलाच वितळू लागते. वयामुळे मंदावतो तो तारेच्या पोटातला राळेचा फ्लक्स, आणि वर ऑक्साइडचा करडा थर चढतो. तार पुसून ताजा फ्लक्स लावला की काम होते. नळकामाची आम्लयुक्त तार मात्र नवी असली तरी वर्ज्यच. उरलेले आम्ल बोर्डावरचे तांबे खाते.

दुसरे मत, शिसेविरहित सांधा कच्चाच राहतो. दोष बहुधा उष्णतेचा असतो. ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी व ०.५ टक्के तांबे यांचे प्रचलित मिश्रण २१७ अंशांना वितळू लागते. सोल्डरिंग आयर्नचा बिट ३५० अंशांच्या आसपास ठेवून पिन आणि पॅड एकदम तापवावेत व तार थेट सांध्याला लावावी. सोल्डर पिनेभोवती सरसर पसरते. गोठल्यावर ते मंद दिसते, पण तेवढ्यावरून त्याला ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा सांधा, म्हणणे चूक.

तिसरे मत, धुरातून शिसे फुप्फुसात जाते. शिसे १७४९ अंशांना उकळते. बिटावरचा धूर प्रामुख्याने राळेचा असतो. त्यानेही दमा जडू शकतो, म्हणून दोन्ही सोल्डरना हवेशीर जागा हवी. शिसे पोटात जाते ते हातावाटे. काम संपताच हात धुणे अनिवार्य आहे.

मग निवड कशी करावी? जुन्या रेडिओच्या दुरुस्तीत शिसेयुक्त सोल्डरच योग्य: मूळ सांधे त्याचेच असतात आणि कमी उष्णतेमुळे पॅड उखडत नाहीत. विक्रीच्या नव्या उपकरणात शिसेविरहितच हवे. युरोपात जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आहेत, भारतातही ई-कचरा नियमांनी मर्यादा घातली आहे. फेकलेल्या बोर्डांतले शिसे अखेर माती-पाण्यात जाते. दोन्ही सोल्डरची सरमिसळ टाळावी. बिस्मथयुक्त शिसेविरहित सोल्डरमध्ये शिसे मिसळले, तर सांध्याचा काही भाग ९६ अंशांनाच वितळू शकतो.

रिळावर मिश्रणाचे प्रमाण आणि फ्लक्सचा प्रकार छापलेला नसेल, तर ती तार जुनी असो वा नवी, बोर्डाला लावू नये.