मांजराला पॅरासिटामॉल? मुळीच नाही!

"डॉक्टर, मांजराचं अंग गरम लागतंय. अर्धी पॅरासिटामॉल देऊ का?" असं बरेच जण विचारतात. उत्तर एकच : मुळीच देऊ नका. हे औषध शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारं एन्झाइम मांजराच्या यकृतात फारच कमी असतं. मग रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते, हिरड्या तपकिरी-निळसर दिसतात, चेहरा व पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजर दुखणं लपवतं. म्हणून दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर वाट पाहू नका. बोका लघवीसाठी सारखा बसतोय पण होत नसेल, तर तासाभराचाही उशीर नको. झाकणाच्या टोपलीत जुना कपडा घाला आणि पशुवैद्यांकडे न्या.

दुसरी गोष्ट लसीची. कुत्र्याला आपण आठवणीने लस देतो; मांजर मात्र "घरातच तर असतं" म्हणून राहून जातं. माझ्या मते हे चुकीचं आहे. रेबीज मांजराकडूनही होतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, वर्षाने बूस्टर आणि पुढे पशुवैद्य सांगतील तसं. मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, हळद-चुना लावू नका आणि त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांकडे जा.

मांजराचा खर्च म्हणजे चैन नव्हे. त्याची लस हा घरातल्या लहान मुलांच्याही आरोग्याचा भाग आहे.