काचेच्या पेटीतील चक्रवाढ

अलीकडे परिचयातील तीन-चार घरांतून एकच विचारणा झाली. मुलांना, नातवंडांना आता नुसता फिशटँक नको आहे. त्यांना ‘श्रिंप टँक’ हवा आहे. दीड फुटाची काचेची टाकी, तीत मखमलीसारखे हिरवे मॉस आणि त्यावर माणकाच्या बारीक खड्यांप्रमाणे विखुरलेले, सतत काहीतरी वेचीत फिरणारे लाल जीव! दृश्य मोहक असते यात शंका नाही. वडीलधाऱ्यांची अडचण निराळी असते. मराठीत या जीवाला कोळंबीच म्हणावे लागते, आणि तो शब्द आपल्या उंबरठ्याच्या आत सहसा उच्चारला जात नाही. शोभेच्या माशांचे दुकानदार ‘श्रिंप’ म्हणूनच विकतात. या लेखापुरता मीही तोच शब्द पत्करतो.

हे जीव घरी ठेवावेत की ठेवू नयेत, याचा धार्मिक निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. तो ज्याने त्याने आपल्या महाराजसाहेबांना विचारून घ्यावा. आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासलेला मनुष्य एवढेच सांगू शकतो की, करारावर सही करण्यापूर्वी त्यातील संपूर्ण दायित्व वाचून घ्यावे. या छंदात आरंभीचा खर्च किरकोळ आणि पुढची जबाबदारी वाढती असा प्रकार आहे, आणि दुकानात फक्त खर्च सांगितला जातो.

बाजारात सर्वांत अधिक मिळतो तो चेरी श्रिंप. त्याचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी, आणि मूळ घर पूर्व आशियातील, चीन-तैवानकडील गोडे पाणी. निसर्गात तो मळकट तपकिरी असतो. लाल, पिवळा, निळा हे सारे रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडक पैदास करून आणले आहेत. पूर्ण वाढलेली मादी सुमारे ३ सेंटिमीटरची, नर तिच्याहून लहान व सडपातळ. आयुष्य एक ते दोन वर्षांचे. ही शेवटची गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी सांगावी, कारण आज आणलेल्यांपैकी बहुतेक सारे जीव दोन वर्षांच्या आत त्यांच्या डोळ्यांदेखत जाणार आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. माशांच्या अनेक जाती घरच्या टाकीत प्रजनन करीत नाहीत. चेरी श्रिंपला मात्र कोणी तसे करण्यास सांगावे लागत नाही. मादी दोन-तीन महिन्यांत वयात येते. तिच्या मस्तकामागे पाठीवर पिवळसर किंवा हिरवट खोगिरासारखा डाग दिसू लागतो. ती तयार होत असलेली अंडी असतात. कात टाकल्यावर तिचे मीलन होते आणि अंडी पोटाखालच्या पायांत येऊन बसतात. साधारण महिनाभर ती ते पाय हलवून अंड्यांना ताज्या पाण्याचा वारा घालीत राहते. हे मातृकर्तव्य भिंगातून पाहण्यासारखे असते. मी ते तासन्‌तास पाहिले आहे. अंड्यांतून निघणारी पिल्ले आईबापांचीच तंतोतंत लहान आवृत्ती असतात, त्यांना निराळे खारे पाणी किंवा निराळे अन्न लागत नाही. म्हणूनच ती जगतात.

हिशेब मांडून पाहा. १० श्रिंप आणले, त्यांत ५ माद्या. प्रत्येकीची अंडी कमीत कमी २० धरू आणि त्यांतील निम्मीच पिल्ले जगली असे मानू. पहिल्या फेरीत ५० नवे जीव झाले. त्यांतील २५ माद्या तीन महिन्यांत वयात आल्या आणि याच दराने त्यांनी २५० पिल्ले दिली. पाच-सहा महिन्यांत दहाचे तीनशेवर गेले. मूळच्या माद्यांच्या पुढच्या फेऱ्या तर यात धरलेल्याच नाहीत. ठेवीवर असे चक्रवाढ व्याज देणारी बँक मला माझ्या सेवाकाळात भेटली नाही. मात्र ठेव वाढली म्हणून तिजोरी मोठी करावी लागत नाही. ही टाकी तेवढीच राहते.

‘संख्या आपोआप थांबते’ असे विक्रेते सांगतात. ते खोटे नाही, पण ती कशी थांबते ते विचारावे. अन्न अपुरे पडले की माद्या अंडी कमी धरतात हे खरे, तसेच नवजात पिल्ले उपाशी मरतात हेही खरे. मोठ्यांना मिळते, बारक्यांना मिळत नाही. आणि कोणी कनवाळूपणाने अन्न वाढवले, तर पाणी कुजते आणि सारी टाकी एका रात्रीत बसते.

यावर दुसरा उपाय म्हणून ‘अमानो श्रिंप’ सुचवला जातो. जपानी छायाचित्रकार व पाणवनस्पतींच्या टाक्यांचे प्रसिद्ध रचनाकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी टाकीतील शैवाल खाण्यासाठी तो वापरात आणला, म्हणून त्याला त्यांचे नाव. ‘हा घरात वाढत नाही, निश्चिंत राहा,’ असे सांगितले जाते. येथे आपल्या घरांनी विशेष सावध असावे. अमानोची मादीही अंडी धरते, आणि चेरीपेक्षा कितीतरी अधिक धरते. त्यांतून अतिसूक्ष्म अळ्या निघतात. त्यांना वाढण्यासाठी खारट पाणी लागते. गोड्या पाण्यात त्या काही दिवसांत मरून जातात. म्हणजे टाकी रिकामी दिसते ती जन्म होत नाहीत म्हणून नव्हे. ज्या घरात पाणी गाळून पितात, त्या घराने ही गोष्ट माहीत नसताना अमानो आणू नये.

माझ्या मते सर्वांत सरळ मार्ग म्हणजे केवळ नर ठेवणे. पूर्ण वाढीचे श्रिंप निवडावेत, म्हणजे नर-मादी ओळखता येतात: मादीचे पोट खाली गोलाकार उतरलेले, रंग गडद, पाठीवर खोगीर, नर सडसडीत, पोटाची रेषा सरळ आणि रंगाने फिका. दुकानदार कुरकुरेल, कारण लोक गडद लालच मागतात. फिके नर तो आनंदाने देईल! रंगाच्या हव्यासापोटी व्यावसायिक पैदासकार फिकी पिल्ले बाजूला काढतात आणि अनेकदा ती मोठ्या माशांपुढे टाकली जातात. आपण फिके नर घेतले तर निदान त्या निवडीला आपला हातभार लागत नाही. नातवंडांना पिल्ले पाहायचीच असतील, तर एखाद-दुसरी मादी ठेवावी आणि वाढीव संख्या कोठे जाणार हे आधीच ठरवून ठेवावे.

आता टाकीविषयी. दीड फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ४२ लिटर पाणी मावते. आरंभासाठी ती पुरेशी आहे. पाणी भरल्याबरोबर श्रिंप सोडू नयेत. जीवांच्या मलातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. हे जीवाणू स्पंजमध्ये व वाळूत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीच्या किटमध्ये अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच जीव आणावेत. गाळणी स्पंजची व हवेच्या पंपावर चालणारी हवी. जोरदार मोटारीच्या गाळणीत पिल्ले ओढली जातात. वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असू द्यावा.

आपल्या घरांतील दोन चांगल्या सवयी येथे घातक ठरतात. पहिली, तांब्याच्या हंड्यात पाणी साठवण्याची. श्रिंपच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा घटक तांबेयुक्तच असतो, तरीही पाण्यात विरघळलेले तांबे अल्प प्रमाणातही त्यांना मारक आहे. हंड्यातले पाणी टाकीत कधीही घालू नये. माशांसाठीच्या अनेक औषधांतही तांबे असते, तेही वर्ज्य. दुसरी सवय आरओ यंत्राचे पाणी ‘शुद्ध’ म्हणून घालण्याची. त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत, आणि क्षार नसतील तर श्रिंपची कात नीट सुटत नाही. अर्धवट सुटलेल्या कवचात तो मरतो. नळाचे पाणी क्लोरीन काढून वापरावे. बोअरचे पाणी फार जड असेल तर आरओचे थोडे मिसळावे. कवचासाठी अंड्यांची टरफले घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो बाजूला ठेवावा. तयार खनिज क्षार मिळतात. टाकीत रिकामे पारदर्शक कवच दिसले की मुले ‘मेला’ म्हणून रडू लागतात. ती कात असते. ती काढू नये, श्रिंप स्वतःच ती खाऊन क्षार परत मिळवतात.

टाकीच्या खोलीत डासांचा फवारा मारू नये. कीटकांना मारणारे द्रव्य श्रिंपलाही मारते, कारण शरीररचनेने ते कीटकांचे जवळचे नातलग आहेत. दुकानातून आणलेल्या पाणवनस्पतींवरही कीटकनाशक असू शकते. त्या काही दिवस वेगळ्या पाण्यात ठेवून, पाणी बदलीत राहून मगच घालाव्यात.

उन्हाळा ही आपल्याकडील खरी परीक्षा. यांना २२ ते २५ अंशांचे पाणी मानवते. ३० च्या पुढे पाण्यातील प्राणवायू घटतो आणि जीव पृष्ठभागाकडे येऊ लागतात. टाकीचे झाकण काढून, वर जाळी लावून, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड होते. उडालेले पाणी रोज भरावे लागते. जळगाव-अकोल्याच्या मे महिन्यात एवढ्याने भागेलच असे नाही. त्या भागातील घरांनी वातानुकूलित खोली नसेल तर हा छंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अन्नाबाबत पुड्यावरील घटक वाचावेत. बहुतेक तयार खाद्यांत माशांची भुकटी असते. स्पिरुलिनाच्या वड्या, उकडलेला पालक, काकडी, दुधी, तुतीची पाने यांवर काम भागते. देशी बदामाचे वाळलेले पान टाकीत पडू दिले तर त्यावर सूक्ष्म जीवांचा थर धरतो व श्रिंप तो दिवसचे दिवस वेचतात. भाजी फवारणीची असते, म्हणून अनेकदा धुऊन उकडावी. आठवड्यातून दोन-तीनदा, दोन तासांत संपेल एवढेच घालावे. उरलेले काढून टाकावे. तथापि श्रिंप पूर्ण शाकाहारी आहेत असा समज करून घेऊ नये. मेलेला सोबती ते खातात. तो त्यांचा स्वभाव आहे.

एका गोष्टीवर मात्र मी आग्रही आहे. पर्युषणात अभयदान म्हणून जीव सोडविण्याची आपली परंपरा मोठी आहे. परंतु वाढलेले श्रिंप नदीत, तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडणे म्हणजे अभयदान नव्हे. जर्मनीत कोलोनजवळ गिलबाख नावाचा ओढा आहे; वीजकेंद्राच्या शीतकरणाच्या पाण्याने तो बारमाही कोमट असतो. तेथे कोणीतरी सोडलेल्या टाकीतील जीवांतून पूर्व आशियाचे हे चेरी श्रिंप कायमचे वसले आहेत. आपल्या गल्ल्याशेजारी ‘शुभ’ म्हणून ठेवला जाणारा फ्लॉवरहॉर्न मासा तर इंडोनेशियाच्या मातानो सरोवरात शिरला, आणि जगात इतरत्र कोठेही न आढळणारे तेथील मासे व श्रिंप धोक्यात आले. सह्याद्रीच्या ओढ्यांतही श्रिंपच्या स्थानिक जाती आहेत. त्यांच्या घरात परका जीव, परके रोग सोडण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही.

वाढीव जीव दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू आहे: विकत घेण्यापेक्षा ज्याच्याकडे अधिक झाले आहेत त्याच्याकडून आणणे उत्तम. देताना मोठा मासा असलेल्या टाकीत देऊ नयेत, कारण तेथे ते खाद्य म्हणूनच जातात. घेणाऱ्याला आधी टाकीचे छायाचित्र मागावे. त्यांच्याच टाकीतील पाण्यात, मॉसच्या मूठभर गुंत्यासह पिशवी बांधावी, म्हणजे प्रवासात त्यांना धरायला काहीतरी मिळते. पोचल्यावर नव्या टाकीतील पाणी बारीक नळीने थेंब थेंब करून दीड-दोन तास पिशवीच्या पाण्यात मिसळत राहावे, आणि मगच त्यांना आत सोडावे.