फायबर दारात, चित्र अडते घरात

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना रंगला, तेव्हा डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षकांची नोंद झाली. उपग्रह वाहिनीचा एकच संकेत देशभरच्या डिशना पुरतो. इंटरनेटवर मात्र प्रत्येक पडद्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो. हा भार पेलण्यासाठी ठिकठिकाणी सर्व्हर उभारले जातात. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जांत तयार ठेवला जातो. वेग घटला की प्लेअर हलका तुकडा मागवतो, त्यामुळे चित्र धूसर झाले तरी सहसा थांबत नाही.

तरीही ऐन शेवटच्या षटकात चाकी फिरू लागते.

राग निघतो इंटरनेटवाल्यावर. पण घोडे अनेकदा अडलेले असते राउटर आणि टीव्ही यांच्यामध्ये, घराच्या आत. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. सोसायटीतल्या सगळ्या घरांनी तीच वाटून घ्यायची. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस, पण तिथला संकेत काँक्रीटच्या भिंतीपलीकडे चटकन क्षीण होतो. फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेग सुचवते. १०० एमबीपीएसचे पैसे मोजणाऱ्या घरातही आतल्या खोलीत तेवढा वेग सलग मिळेलच, याची खात्री नसते.

टीव्ही जागचा हलत नाही. मग त्याला सरळ तार द्यावी. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग वाहून नेते, आणि वाय-फाय मोबाइल-लॅपटॉपसाठी मोकळे राहते. जुन्या घरात ही केबल भिंतीच्या कडेने पट्टीतून नेता येते.

नव्या घरांत मात्र ही सोय आधीच हवी. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीनुसार मानांकन देण्याचे नियम आणले. महाराष्ट्राने त्यापुढे जाऊन बांधकाम परवानगीतच अट घालावी: प्रत्येक फ्लॅटमध्ये फायबरसाठी जागा आणि टीव्हीच्या भिंतीपर्यंत विजेच्या तारांपासून वेगळा पाइप. प्लास्टरआधी हे काम किरकोळ खर्चात होते; नंतर रहिवाशाला त्याच कामासाठी भिंत फोडावी लागते. फ्लॅटचे बुकिंग करणाऱ्यांनीही पार्किंगइतक्याच आग्रहाने या पाइपची चौकशी बिल्डरकडे करायला हवी.