यान की ग्रह?

१९६६ साली ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणे निर्मात्यांना परवडणारे नव्हते. म्हणून पात्रे किरणांतून थेट ग्रहावर पोहोचू लागली. खर्च आणखी आवरायचा झाला, की अख्खा भाग यानातच घडे.

यानकथेचे बळ मोठे आहे. बंद भिंतींत माणसे एकमेकांना टाळू शकत नाहीत, स्वभाव उघडे पडतात. तरीही आमचा कौल ग्रहकथेला. अनोळखी भूमीवर तिथले ऊन, पाणी, माती यांचे नियम आधी शिकावे लागतात.

यवतमाळच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. आपली कपाशीची काळी माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाच्या बेसॉल्टची, आणि मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसॉल्टचाच. पावसाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी ग्रहाचे ऐकणे जाणतो.

जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला मोठा वाचक मिळवून दिला. २०१९ मध्ये ९२वे साहित्य संमेलन याच शहरात भरले. इथल्या तरुणांनो, या काळ्या मातीतून उगवलेली ग्रहकथा आता तुम्ही लिहा. आम्ही ती आनंदाने छापू.