‘पाहुणा’ म्हणून बोलावलेली माणसे : जर्मनीतील स्थलांतरित कुटुंबे आणि आपलेपणाचा प्रश्न #थ्रेड

१/
कोलोन शहरात जन्मलेल्या, तिथेच शिकलेल्या एखाद्या तुर्की आडनावाच्या तरुणीला जर्मनीत आजही विचारले जाते, “तुम्ही कुठल्या?” ती म्हणते, “कोलोनची.” लगेच पुढचा प्रश्न येतो, “तसे नव्हे, मूळच्या कुठल्या?” पहिला प्रश्न ओळखीचा असतो. दुसऱ्या प्रश्नात तिचे उत्तर नाकारलेले असते. या नाकारण्याचा उगम केवळ माणसांच्या स्वभावात नाही. तो जर्मन राज्याच्या कायद्यांत आणि धोरणांतही आहे.

२/
प्रारंभ १९१३ सालचा. त्या वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने जर्मन असणे वंशावर ठरवले. जर्मन पित्याचे मूल जर्मन. ते कोणत्या भूमीवर जन्मले याला महत्त्व नाही. पुढे सम्राट गेला, नाझी राजवट आली आणि कोसळली, देशाचे दोन तुकडे झाले. वंशाचे हे मूळ तत्त्व मात्र १९९९ च्या अखेरपर्यंत टिकून राहिले. पुढील सारा इतिहास या चौकटीत घडला.

३/
दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने धडाडू लागले आणि हात कमी पडू लागले. १९५५ मध्ये इटलीशी कामगारभरतीचा करार झाला. १९६० मध्ये स्पेन व ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान, त्यानंतर मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारे मजूरही थांबले. त्यामुळे या करारांची निकड आणखी वाढली.

४/
इस्तंबूलच्या भरती कार्यालयात उमेदवारांची कसून वैद्यकीय तपासणी होई. निवड झालेल्यांना विशेष गाड्यांनी म्युनिकच्या रेल्वे स्थानकात आणले जाई आणि तिथून देशभरातील कारखान्यांत वाटले जाई. तुर्की कामगारांसाठी आरंभी दोन वर्षांची मुदत होती : काम करावे आणि परतावे. १९६४ मध्ये ही अट गळाली. शिकवून तयार केलेला माणूस दर दोन वर्षांनी गमावणे कारखानदारांना परवडत नव्हते. माणसे राहिली ती अशी, उद्योगांच्या सोयीने.

५/
१० सप्टेंबर १९६४. कोलोन-डॉइट्झ स्थानकावर बँड वाजत होता. पोर्तुगालहून आलेले सुतार आर्मान्दो रॉड्रिग्स द सा हे दहा लाखावे परदेशी कामगार ठरले होते. आपले नाव पुकारलेले ऐकून ते घाबरले. परत पाठवतात की काय, अशी त्यांना शंका आली. त्यांना फुले आणि एक मोपेड भेट मिळाली. पुढे पोटाच्या कर्करोगाने ते आजारी पडले आणि मायदेशी साठवलेली पुंजी उपचारांत संपली. जर्मन आरोग्य विम्यावर आपला हक्क आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. १९७९ मध्ये ते वारले. मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

६/
या कामगारांना नाव मिळाले ‘गास्टआरबाइटर’, म्हणजे पाहुणा कामगार. शब्द वरवर गोड आहे. पण पाहुण्याला घरात मत नसते, तक्रारीचा अधिकार नसतो आणि त्याने केव्हातरी निघावे अशी अपेक्षा असते. शिवाय पाहुण्याचा मानही त्याला मिळत नसे. जर्मन भाषेतही ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. अनोळखी प्रौढाला ‘आपण’ म्हणण्याचा तिथे रिवाज आहे. परदेशी कामगाराशी मात्र मुकादमापासून दुकानदारापर्यंत अनेक जण सर्रास अरेतुरे करीत. मराठी माणसाला यातला अपमान वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

७/
हे लोक मुकाट सोसत राहिले, हा समज चुकीचा आहे. ऑगस्ट १९७३ मध्ये नॉइस येथील पियरबुर्ग कारखान्यातील स्थलांतरित स्त्रिया संपावर गेल्या. ‘हलके काम’ म्हणून त्यांना सर्वांत खालच्या श्रेणीचे वेतन मिळे. जर्मन सहकारी त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि ती वेतनश्रेणी रद्द झाली. त्याच महिन्यात कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांनी संप केला. तिथे अनेक जर्मन सहकारी दूर राहिले आणि संप मोडला गेला. दोन कारखान्यांतील हा फरक नीट अभ्यासण्याजोगा आहे.

८/
२३ नोव्हेंबर १९७३ रोजी तेलसंकटाच्या छायेत सरकारने भरती बंद केली. १९५५ पासून सुमारे १.४ कोटी माणसे आली होती आणि त्यांपैकी सुमारे १.१ कोटी परतली होती. उरलेल्यांपुढे पेच होता : आता गावी गेलो तर पुन्हा येता येणार नाही. मग अनेकांनी बायकामुलांनाच बोलावून घेतले. परदेशी माणसांची संख्या रोखण्यासाठी घातलेल्या बंदीनेच कुटुंबे जर्मनीत स्थिरावली.

९/
या कथेत भारतीयही आहेत. केरळमधील हजारो तरुणी १९६० च्या दशकापासून चर्चच्या मध्यस्थीने पश्चिम जर्मनीत परिचारिका झाल्या. १९७० च्या दशकात गरज संपल्याचे सांगून त्यांपैकी अनेकींचे परवाने वाढवून देण्यास नकार मिळाला आणि त्यांना परतावे लागले. कोरियन परिचारिकांवर हीच वेळ आली, तेव्हा त्यांनी सह्यांची मोहीम उघडली आणि राहण्याचा हक्क मिळवला.

१०/
१९८२ मध्ये चान्सेलर हेल्मुट कोल यांनी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना खासगी भेटीत सांगितले की, देशातील तुर्कांची संख्या निम्म्याने घटवायची आहे. ही नोंद २०१३ मध्ये उघड झाली. १९८३ मध्ये परत जाणाऱ्या कामगारांना १०,५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागे १,५०० मार्क देणारा कायदा आला. शाळेत जर्मन कविता पाठ करणाऱ्या मुलांच्या डोक्यावर सरकारने अशी किंमत लावली होती.

११/
पूर्व जर्मनीत ‘बंधुराष्ट्रांची मैत्री’ ही घोषणा होती. प्रत्यक्षात व्हिएतनाम व मोझांबिकचे कंत्राटी कामगार वेगळ्या वसतिगृहांत राहत. व्हिएतनामी स्त्री गरोदर राहिली तर गर्भपात किंवा परतीचा प्रवास, एवढेच पर्याय होते. एकीकरणानंतर, ऑगस्ट १९९२ मध्ये, रोस्टॉकच्या लिष्टेनहागेन वस्तीत जमावाने शंभराहून अधिक व्हिएतनामी राहत असलेली इमारत पेटवली. बघे टाळ्या वाजवत होते.

१२/
हिंसा पूर्वेपुरती नव्हती. नोव्हेंबर १९९२ मध्ये पश्चिमेतील म्योल्न येथे तुर्की कुटुंबांची घरे जाळली गेली. तिघींचा मृत्यू झाला. मे १९९३ मध्ये झोलिंगेन येथे गेंच कुटुंबातील पाच मुली व स्त्रिया जळून मेल्या. मुली आणि नाती गमावलेल्या मेव्ह्लुडे गेंच यांनी द्वेष न करण्याचे आवाहन केले. चान्सेलर अंत्यविधीला गेले नाहीत. आपल्याच देशातील मृत हे राज्यकर्त्यांना परक्यांचे मृत वाटले, असाच याचा अर्थ अनेक कुटुंबांनी घेतला.

१३/
१ जानेवारी २००० पासून कायदा बदलला. आईवडिलांपैकी एक जण पुरेशी वर्षे कायदेशीर रहिवासी असेल, तर जर्मनीत जन्मलेले मूल जन्मतः जर्मन ठरू लागले. त्याआधी दुहेरी नागरिकत्वाविरुद्ध सह्यांची मोठी मोहीम झाली होती. त्याच वर्षी भारतीय संगणकतज्ज्ञांना बोलावण्याचा बेत निघाला, तेव्हा ‘भारतीयांऐवजी आपली मुले घडवा’ अशा आशयाची घोषणा एका निवडणूक प्रचारात गाजली. कायदा एका रात्रीत बदलला. मने तितक्या वेगाने बदलली नाहीत.

१४/
याचा सर्वांत दाहक पुरावा म्हणजे एनएसयू प्रकरण. २००० ते २००७ या काळात या नवनाझी टोळीने दहा जणांना ठार केले. त्यांत आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक आणि एक पोलीस कर्मचारी होती. पोलिसांनी मात्र मृतांच्या कुटुंबांवरच संशय घेतला आणि तपास पथकाला ‘बॉस्फरस’ असे नाव दिले. २००६ मध्ये कासेल शहरात नातेवाईक ‘दहावा बळी नको’ म्हणत रस्त्यावर उतरले. त्यांचे म्हणणे खरे होते, हे टोळी २०११ मध्ये उघडकीस आल्यावर सिद्ध झाले.

१५/
एरवी हीच वृत्ती शांतपणे काम करते. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलाचा शैक्षणिक मार्ग ठरतो. फोर्ड कारखान्यातील तुर्की कामगाराचा मुलगा उउर शाहिन याला शाळेने खालच्या प्रवाहाची शिफारस केली होती. एका जर्मन शेजाऱ्याने हस्तक्षेप केला. पुढे त्याने पत्नी ओझलेम ट्युरेजी यांच्यासह बायोएनटेक उभारली आणि कोविडची लस घडवली. ज्यांना असा शेजारी लाभला नाही, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. फुटबॉलपटू मेसुत ओझिल याने २०१८ मध्ये राष्ट्रीय संघ सोडताना हीच खंत मांडली : जिंकलो की जर्मन, हरलो की परका.

१६/
येथे एक आक्षेप घेतला जातो : प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. हे बहुतेक वेळा खरेही असते. डिसेंबर १९९२ मध्ये म्युनिकला सुमारे चार लाख लोक मेणबत्त्या घेऊन वंशद्वेषाविरुद्ध उभे राहिले होते. तो समाजही जर्मनच होता. परंतु चांगल्या हेतूने विचारलेला प्रश्नही आयुष्यभर रोज ऐकावा लागला, तर त्यातून एकच गोष्ट पोहोचते : तुमचे इथे असणे अजून मंजूर व्हायचे आहे. २०२४ च्या कायद्याने दुहेरी नागरिकत्व खुले केले आणि पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करण्याची मुभा दिली. ही सुधारणा मोलाची आहे. पहिल्या पिढीतील अनेकांच्या हयातीत ती आली नाही, हेही तितकेच खरे.

१७/
मराठी तरुणांसाठी हा इतिहास दूरचा नाही. कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी करार केला आहे. वेतन किती, हा प्रश्न प्रत्येक जण विचारेल. कुटुंब नेता येईल का, आजारपणातील हक्क कोण समजावून सांगणार, गरज संपल्यावर काय, हे प्रश्न रॉड्रिग्स आणि केरळच्या परिचारिकांनी आपल्या आयुष्याच्या मोलाने शिकवले आहेत. तेही विचारले पाहिजेत.

१८/
आणि एक प्रश्न घरचाही आहे. नाव सांगितल्यावर “आडनाव काय?” आणि आडनावानंतर “मूळ गाव कुठले?” असे विचारून जात हुडकणे महाराष्ट्रात अपरिचित नाही. भाड्याचे घर शोधणाऱ्या अनेकांनी ते अनुभवले आहे. जर्मनीच्या इतिहासाचा धडा सोपा आहे : जो जिथे राहतो, राबतो, मुले वाढवतो, तो तिथला असतो. तिथला असण्यासाठी त्याने लस शोधण्याची किंवा विश्वचषक जिंकण्याची गरज नसते.

#इतिहास #जर्मनी #स्थलांतर