सहाव्या क्रमांकाचे तिघे

बर्फावरची हॉकी आपल्याकडे लडाख-स्पितीपलीकडे फारशी कोणी खेळत नाही. या मासिकाच्या बहुतेक वाचकांनी तिचा एखादा सामना टीव्हीवरसुद्धा पुरता पाहिला नसेल. तरी या अंकाचं संपादकीय डेट्रॉइटच्या रेड विंग्ज या संघावर आहे. पोरांची पारख हे काम पैसा ओतून, माणसं नेमून आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवून जे करतात, त्यांत उत्तर अमेरिकेची नॅशनल हॉकी लीग फार वरच्या पायरीवर आहे. शिवाय त्यांची प्रत्येक चूक चारचौघांत होते आणि कायमची छापून राहते. आपल्या निवड समित्यांच्या चुका फाइलीत पडून असतात; पुष्कळदा फाइलच नसते.

पद्धत थोडक्यात अशी. दर उन्हाळ्यात लीगचा ड्राफ्ट होतो. 32 संघ, सात फेऱ्या, 224 नावं, आणि मुलं बहुतांशी अठरा वर्षांची. आदल्या हंगामात जो संघ तळाला, त्याला आधी हात घालायला मिळतो. अगदी वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढतात. निवडलेला मुलगा लगेच वरच्या संघात खेळेल असं क्वचितच होतं. तो ज्युनिअर लीगमध्ये, विद्यापीठात किंवा युरोपातल्या आपल्या क्लबात परत जातो, नाहीतर दुय्यम संघात घडवला जातो. रेड विंग्जचा असा संघ मिशिगनमध्येच, ग्रँड रॅपिड्सला आहे.

2018, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी डेट्रॉइटच्या वाट्याला सहावा क्रमांक आला. संघ तोच, क्रमांक तोच, मुलं तीन. निवडीचं काम करणाऱ्याला यापेक्षा चांगला धडा शोधूनही सापडणार नाही.

पहिला फिलिप झादिना. चेक मुलगा, हॅलिफॅक्सच्या ज्युनिअर संघात 57 सामन्यांत 44 गोल. अनेक जाणकारांच्या याद्यांत तो पहिल्या तीन-चारांत होता. सहाव्या क्रमांकापर्यंत तो शिल्लक राहिला तेव्हा डेट्रॉइटला लॉटरी लागली असंच सगळे म्हणाले. पुढे डेट्रॉइटसाठी त्याने 190 सामन्यांत 28 गोल केले. 2023 च्या उन्हाळ्यात उरलेल्या दोन वर्षांचे 45 लाख डॉलरहून अधिक पैसे सोडून त्याने करार संपवून घेतला, एक हंगाम सॅन होजेला काढला आणि मग स्वित्झर्लंडमधल्या दावोसला गेला.

दुसरा मोरित्झ सायडर. जर्मन बचावपटू. ड्राफ्टआधीच्या हंगामात मानहाइमकडून 29 सामन्यांत त्याच्या नावावर गोल आणि पास मिळून सहा गुण होते. बहुतेक याद्यांत त्याचं नाव सहाच्या बरंच खाली होतं. स्टीव्ह आयझरमन नुकतेच व्यवस्थापक झाले होते, त्यांचा हा पहिलाच ड्राफ्ट. त्यांनी नाव पुकारलं तेव्हा खुद्द पोराच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य कॅमेऱ्याने टिपलं. तीन वर्षांनी, 2022 मध्ये, लीगमधल्या सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक त्याच्या हातात होता. त्या हंगामात तो संघाचे सगळेच्या सगळे 82 सामने खेळला आणि त्याने 50 गुण मिळवले.

तिसरा सायमन एडविन्सन, साडेसहा फूट उंचीचा स्वीडिश बचावपटू. त्याला कुणी घाईने वर ओढलं नाही. 2022-23 हंगामाच्या अखेरीस नऊ सामने खेळवून पाहिला. (दहावा सामना खेळला की कोवळ्या खेळाडूच्या कराराचं एक वर्ष खर्ची पडतं, म्हणून नऊवर थांबायची ही रीत.) पुढचा हंगामही बहुतेक ग्रँड रॅपिड्सला गेला आणि 2024-25 मध्ये तो वरच्या संघात पक्का झाला.

आता सोपा निष्कर्ष समोरच पडलेला आहे: जुन्या व्यवस्थापनाला पारख नव्हती, नव्याला आहे. आम्हाला तो मान्य नाही. झादिनाच्या नावाला 2018 मध्ये टाळ्या पडल्या होत्या आणि सायडरच्या नावाला 2019 मध्ये नाकं मुरडली गेली होती. निकाल हातात आल्यावर टाळ्यांची जागा बदलायला अक्कल लागत नाही. झादिनाला नीट घडवलं नाही म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. तोही अठराव्या वर्षी ग्रँड रॅपिड्सला जाऊन मोठ्या माणसांत अख्खा हंगाम खेळला, सायडरही तसाच खेळला. जमीन एकच होती, पीक निराळं आलं.

फरक पाहायचा असेल तर ड्राफ्टच्या दिवशी उपलब्ध असलेल्या कागदाकडेच परत जावं लागतं. झादिनाचे 44 गोल सोळा ते वीस वर्षांच्या मुलांविरुद्धचे होते. तिथे फटका मारायला निमिषभर जास्त मिळतं आणि तेवढ्यावर एखाद्याचं पोट भरतं. सायडरचे सहा गुण जर्मनीच्या वरच्या लीगमधल्या संसारी पुरुषांविरुद्धचे होते, आणि अठराव्या वर्षी तो विजेत्या संघाचा भाग होता. कोणत्या लीगमधला एक गुण नॅशनल लीगमध्ये किती भरेल, हे मोजायची पद्धत गॅब्रिएल देजार्दिन यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मांडली. आज प्रत्येक संघाकडे तिचं काही ना काही रूप आहे. पण बचावपटूचं काम गुणांत उतरत नाही. तिथे माणसानेच जाऊन बसावं लागतं आणि पोरगं पक (खेळातली चकती) जवळ नसताना कुठे उभं राहतं, पाठीवर माणूस आला की मान वळवून बघतं का, हे लिहून आणावं लागतं.

आपल्याकडे ‘कुणाविरुद्ध’ हा रकाना जवळपास नसतोच. जिल्हा चाचणीच्या कागदावर धावा, बळी, चढाईचे गुण असतात; ते कुणाविरुद्ध मिळवले हे नसतं. गावच्या मैदानावर बारावीतल्या पोरांच्या पकडी चुकवणारा आणि पोलीस संघाच्या कोपरारक्षकांकडून पकडला जाऊनही पुन्हा चढाईला जाणारा, हे दोघे एकाच ओळीत, एकाच मापाने बसतात.

झादिनाबद्दल एक दुखरी गोष्ट राहिली. त्याच्यानंतर लगेच, सातव्या क्रमांकावर, व्हँकुव्हरने क्विन ह्यूजला उचललं. तो त्याआधीचा अख्खा हंगाम मिशिगन विद्यापीठाकडून, म्हणजे डेट्रॉइटहून तासाभराच्या अंतरावर, खेळत होता. उंची जेमतेम पाच फूट दहा इंच. 2024 मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला मिळाला. सहा संघांनी त्याला सोडलं होतं, त्यामुळे एकट्या डेट्रॉइटला बोल लावण्यात अर्थ नाही. उंचीचा धसका सगळ्यांनाच होता.

खरं तर उंचीच्या बाबतीत शहाणपण शिकवायला डेट्रॉइटकडे स्वतःचाच इतिहास होता. त्यांचे युरोपातले स्काउट (खेळाडू हेरणारे) होकान अँडरसन मॉस्कोला एका दुसऱ्याच बचावपटूला पाहायला गेले होते. त्याच्या सामन्यात समोरच्या संघातला एक किरकोळ बांध्याचा मध्यखेळाडू त्यांच्या डोळ्यात भरला. पावेल दात्सुक. आधीच्या दोन ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच विचारलं नव्हतं. त्याला पुन्हा पाहायला ते निघाले तेव्हा दुसऱ्या एका संघाचा स्काउटही त्याच वाटेवर होता. बर्फाच्या वादळाने विमान रद्द झालं आणि तो स्काउट पुन्हा तिकडे फिरकला नाही. 1998 मध्ये डेट्रॉइटने दात्सुकला 171 व्या क्रमांकावर घेतलं. पुढच्या वर्षी 210 व्या क्रमांकावर हेन्रिक झेटरबर्ग आला, तोही असाच दुसऱ्याला पाहायला गेल्यावर सापडलेला. 2008 मध्ये डेट्रॉइटने लीगच्या विजेत्याचा स्टॅनली कप जिंकला तेव्हा प्लेऑफमधला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतला, सर्वोत्तम खेळाडू झेटरबर्ग होता.

या कथा स्काउटांच्या मंडळींत आरतीसारख्या म्हटल्या जातात. आम्ही त्या थोड्या थंड डोक्याने वाचू. दात्सुक इतका मोठा होणार हे डेट्रॉइटला खरोखर कळलं असतं, तर 170 नावं पुढे जाऊ देण्याचा जुगार त्यांनी खेळला नसता. त्यांना एवढंच कळलं होतं की इथे काहीतरी आहे. अँडरसन यांचं मोठेपण भविष्य ओळखण्यात नाही. ज्याचं नाव यादीत नाही त्याच्याकडे ते बघत राहिले आणि त्याला पुन्हा पाहायला निघाले, हे त्यांचं मोठेपण. आणि निवडीनंतर काय झालं? दात्सुक 2001 मध्ये, तेवीस वर्षांचा झाल्यावर अमेरिकेत आला. झेटरबर्ग 2002 मध्ये. वरचा संघ तेव्हा इतका भरलेला होता की पोरांकडून कुणाला उद्याच काही नको होतं. थांबण्याची ती चैन आज डेट्रॉइटला नाही. 1991 ते 2016 सलग 25 हंगाम प्लेऑफ खेळलेला हा संघ त्यानंतर 2025 पर्यंत एकदाही तिथे पोचला नाही. अशा संघात प्रत्येक होतकरू पोराच्या पाठीवर शहराची उधारी बसते.

त्या दबावातही लुकास रेमंडच्या बाबतीत संघ डगमगला नाही, हे लिहायला हवं. 2020 चा चौथा क्रमांक. पहिल्या हंगामात 57 गुण, दुसऱ्यात 45. आपल्याकडे अशा वेळी ‘डोक्यात हवा गेली’ हे निदान तयार असतं. तिसऱ्या हंगामात 72, चौथ्यात 80.

गोलरक्षकांचं गणित आणखी वेगळं. 2021 मध्ये डेट्रॉइटने आपले 23, 48 आणि 138 हे क्रमांक डॅलसला देऊन 15 वा घेतला आणि सेबॅस्टियन कोसा हा गोलरक्षक उचलला. त्याच 23 व्या क्रमांकावर डॅलसने वायट जॉन्स्टनला घेतलं. त्या वर्षी कोविडच्या साथीमुळे ओंटारिओच्या ज्युनिअर लीगचा हंगामच झाला नव्हता. जॉन्स्टनला पाहण्याजोगी एकच स्पर्धा झाली, अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा, आणि ती डॅलसच्या उपनगरांत भरली होती. जॉन्स्टन आता एका हंगामात तीसहून अधिक गोल करतो. कोसा नॅशनल लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तो डिसेंबर 2024 मध्ये. म्हणून हा सौदा फसला असं म्हणायचं का? आमच्या मते अजून नाही. आघाडीचा खेळाडू बाविशीत कळतो, गोलरक्षक पंचविशीच्या पुढे. दोघांना एकाच वर्षी एकाच परीक्षेला बसवणं हीच चूक. यष्टिरक्षक आणि फिरकी गोलंदाज यांच्या बाबतीत आपण ती नेमाने करतो.

शारीरिक चाचण्यांबद्दल एकच उदाहरण पुरे. 2014 च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत सॅम बेनेटला एकही पुल-अप काढता आला नाही आणि महिनाभर त्याचीच चर्चा झाली. कॅल्गरीने तरीही त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं, सात वर्षं वाट पाहिली आणि कंटाळून फ्लोरिडाला देऊन टाकलं. 2025 मध्ये प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

आता जन्ममहिन्याकडे येऊ, कारण आपल्या वाचकांच्या हातात सगळ्यात आधी सुधारता येण्याजोगी गोष्ट हीच आहे. कॅनडात हॉकीचे वयोगट जानेवारीपासून मोजतात. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं संघांत जास्त दिसतात, हे रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्येच दाखवून दिलं. 2013 मध्ये डीनर, लोवेन आणि कोब्ली यांनी 1980 ते 2006 चे ड्राफ्ट तपासले. जुलै ते डिसेंबर या काळात जन्मलेली मुलं त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने चाळीसहून अधिक जागा उशिरा निवडली गेली होती, आणि 400 सामने किंवा 200 गुण अशा टप्प्यांवर पोचण्याची त्यांची शक्यता जानेवारी-मार्चमधल्या मुलांच्या जवळपास दुप्पट होती. ही गोष्ट जगजाहीर असताना, पगारी जाणकार अठरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हे करत होते. (क्विन ह्यूज ऑक्टोबरचा आहे. पण झादिनाही नोव्हेंबरचाच, तेव्हा याचा ताईत करू नये.)

आपल्याकडे क्रिकेटचे वयोगट 1 सप्टेंबरपासून मोजतात. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वयही पाहतात. त्याने खोटं वय पकडलं जातं. खऱ्या वयातला अकरा महिन्यांचा फरक एक्स-रे कशाला सांगेल? तो समितीनेच लक्षात घ्यायचा. ज्या राज्यात शाळेच्या मास्तरांच्या कृपेने एक अख्खी पिढी 1 जूनला जन्मली, तिथे जन्मतारखेच्या रकान्याकडे बघायची सवय नसणं समजू शकतो. पण आजच्या मुलांचे दाखले खरे आहेत. सप्टेंबरमधला धिप्पाड पोरगा आणि पुढच्या ऑगस्टमधला काटकुळा पोरगा एकाच नेटमध्ये उभे असतात तेव्हा आपण पाहतो ते बरंचसं कॅलेंडर असतं.

आमचं मत असं की निवड चुकते त्यापेक्षा जास्त नुकसान निवड पुन्हा न तपासल्याने होतं. डेट्रॉइटला झादिना चुकला. तो का चुकला हे शोधायला त्यांच्याकडे 2018 चे अहवाल आहेत, कोणत्या स्काउटने काय लिहिलं ते आहे. आपल्या समितीचा सदस्य बदलला की त्याच्याबरोबर आठवणही जाते. वगळलेल्या मुलाची तर नोंदच नसते, आणि दात्सुक नेहमी वगळलेल्यांतच सापडतो.

म्हणून या उन्हाळ्याच्या चाचण्या घेणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला आणि निवड सदस्याला विनंती. निवडलेल्यांइतकंच वगळलेल्यांबद्दलही दोन ओळी लिहा. जन्ममहिना लिहा, कुणाविरुद्ध खेळताना पाहिलं ते लिहा, आणि पानाच्या तळाशी पुढच्या तपासणीची तारीख घाला: फलंदाजाला दोन वर्षांनंतरची, यष्टिरक्षकाला चारनंतरची. अशी वही कुणी आधीपासून ठेवत असेल, तर तिची चार पानं मुलांची नावं झाकून आमच्याकडे पाठवा. ती आम्ही छापू, चुकलेल्या अंदाजांसकट.